वाडीतली गाणारी पाखरं: वही कशी ठेवावी

घराभोवतालच्या पक्ष्यांची यादी करायला महिना पुरतो. रत्नागिरी, चिपळूण, मालवण, अलिबाग, कुठल्याही जुन्या आळीत सकाळी तासभर फिरलात की दयाळ, लालबुड्या बुलबुल, शिपाई बुलबुल, शिंपी, शिंजीर, साळुंकी, कोतवाल, चिमणी ही नावं पहिल्या आठवड्यातच वहीत येतात. मग यादी वाढायची थांबते आणि बहुतेकांची वहीही तिथेच बंद होते. खरं काम तिथून सुरू होतं. तीच आळी, तीच वेळ, तीच पद्धत, आणि वर्षभर खंड न पडता केलेली नोंद. शिवाय वस्तीतल्या पाखराच्या वहीत घराची नोंद पाखराइतकीच नेमाने व्हायला हवी. कौलं उतरवून स्लॅब कधी पडला, चिऱ्याचा गडगा पाडून प्लास्टरची भिंत कधी झाली, परसातला शेवगा कधी तोडला, खांबावर नवा दिवा कधी बसला, हे लिहिलेलं नसेल तर पाच वर्षांनी ‘दयाळ कमी झाले’ एवढंच म्हणता येतं. का झाले ते सांगता येत नाही.

आधी गाणारे पक्षी कोणते ते ठरवू. कोकीळ, तांबट, कुकुडकोंबा (भारद्वाज) आणि ‘पेरते व्हा’ म्हणणारा पावशा ओरडण्यात कुणाला हार जात नाहीत, पण शास्त्राच्या हिशेबात ते गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटात बसत नाहीत. कावळा मात्र बसतो, आणि चिमणीही. गटाची खूण आवाजाच्या गोडव्यात नसून गळ्याच्या रचनेत आहे. श्वासनळी जिथे दोन फांद्यांत फुटते तिथे यांचं स्वरयंत्र असतं आणि त्याला बारीक स्नायूंच्या बऱ्याच जोड्या असतात. पिल्लू मोठ्यांचं ऐकून गाणं शिकतं. म्हणूनच वस्तीतल्या गोंगाटाचा या गटावर काय परिणाम होतो हे पाहणं महत्त्वाचं ठरतं. कोकीळ-पावशाही वहीत लिहाच, फक्त वेगळ्या रकान्यात.

सुरुवात दयाळापासून करावी. तो माणसाला बुजत नाही, उंच उघड्या जागी बसून गातो आणि नर-मादी नजरेने ओळखता येतात. नर निळसर चमकीचा काळा, पोट आणि पंखावरचा पट्टा पांढराशुभ्र. मादीत काळ्याच्या जागी पाटीसारखा राखाडी. अँटेनाच्या टोकावर किंवा माडाच्या सुकलेल्या झावळीवर नर बसतो, शेपटी वर उचलतो, दोन-तीन सेकंदांची एक लकेर घेतो, थांबतो, पुन्हा वेगळी लकेर. या थांबण्याकडे नीट लक्ष द्या. शेजारच्या हद्दीतला दुसरा नर बहुधा त्याच फटीत उत्तर देतो. दोन नर असे एकमेकांना जोडून गाताना ऐकू आले की नकाशावर दोघांच्या जागा मांडून मध्ये तुटक रेघ मारा. हद्दी वेगळ्या असल्याचा याहून पक्का पुरावा वाडीत मिळत नाही. एकेकटं ऐकलेलं गाणं फसवतं. एकच नर पाच मिनिटांत अँटेना, आंबा आणि पाण्याची टाकी अशा तीन जागा फिरतो आणि नवखा माणूस तीन दयाळ लिहून मोकळा होतो. मार्च ते जून या काळात आठ-दहा सकाळी असा नकाशा भरला की तुटक रेघांमधून हद्दी आपोआप दिसू लागतात.

गाण्याचं मोजमाप सोपं ठेवावं. सूर्योदयाच्या पाऊण तास आधी जागेवर बसायचं आणि पुढची ३० मिनिटं एकेक मिनिटाच्या चौकटींत मांडायची. त्या मिनिटात दयाळ एकदा जरी गायला तरी खूण, नाही गायला तर शून्य. किती लकेरी घेतल्या हे मोजत बसू नका, दुसऱ्या आठवड्यातच कंटाळा येतो आणि आकडे ढिले पडतात. तीसपैकी किती चौकटी भरल्या, हाच त्या दिवसाचा आकडा. वेळ घड्याळाच्या नव्हे, सूर्योदयाच्या हिशेबाने धरायची. आपल्या किनाऱ्यावर मे अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीत सात वाजून गेल्यावर. रोज साडेपाचलाच बसलात तर मोजणी ऋतूची होईल, पाखराची नाही.

इथे एक चूक हमखास होते. विणीचा हंगाम सरला की दयाळाचं गाणं बंद पडतं. ऑक्टोबर ते डिसेंबरात तो झुडपांच्या सावलीत वावरतो आणि नुसता कर्कश ‘चर्र’ किंवा लांबट ‘स्वीऽ’ एवढाच आवाज काढतो. गाण्याच्या तीसही चौकटी रिकाम्या राहतात आणि माणूस लिहितो, ‘दयाळ गेला’. म्हणून ‘गाणं’, ‘नुसता आवाज’ आणि ‘दिसला’ असे तीन रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा. चीरकाशी गल्लतही होते. चीरक नर काळाच, पण पोटही काळं, खांद्यावर पांढरा ठिपका आणि शेपटीखाली तांबूस. ढोबळ मानाने सड्यावर, उघड्या कातळावर चीरक आणि सावलीच्या वाडीत दयाळ. सड्याला लागून नव्या वसाहती झाल्या आहेत तिथे मात्र दोघे एकाच कुंपणावर दिसू शकतात. तिथे न पाहता, केवळ ऐकून नाव लिहू नये.

सगळ्या पक्ष्यांची गणती करायची तर ठरावीक जागा हव्यात. आपली गावं डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत लांबट वसलेली. त्यामुळे मुख्य वाटेवर २०० मीटर अंतराने चार बिंदू घेतले की ६०० मीटरची आळी झाकली जाते. अंतर यापेक्षा कमी ठेवलं तर एकच बुलबुल दोन ठिकाणी मोजला जातो. बिंदूवर पोचल्यावर दोन मिनिटं गप्प उभं राहा, मग दहा मिनिटं मोजा. दिसलेला किंवा ऐकू आलेला प्रत्येक पक्षी अंतरासह लिहायचा: २५ मीटरच्या आत, २५ ते ५०, पन्नासच्या पलीकडे. नुसते वरून उडून गेलेले वेगळे. डोळ्यांना अंतराची सवय नसते, ती लावावी लागते. नव्या लागवडीत माड साडेसात मीटरवर लावलेले असतात, म्हणजे माडांमधली सात अंतरं पन्नास मीटरच्या थोडी पुढे जातात. जुन्या आगरात झाडं वेडीवाकडी असतात, तिथे टेपने एकदा मोजून पन्नास मीटरवरच्या फाटकाची, विहिरीची खूण ठरवून ठेवा. महिन्यातून दोन फेऱ्या पुरतात. एका फेरीला पहिला बिंदू आधी, पुढच्या फेरीला शेवटचा. नाहीतर एकाच घराच्या वाट्याला कायम पहाट आणि दुसऱ्याच्या वाट्याला कायम आठचं ऊन येतं.

मोजणारा बदलला तर नाव लिहा, वयही लिहा. पन्नाशी-साठीनंतर कानाला वरच्या पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात. फुलटोच्याचं ‘चिक् चिक्’ आणि शिंजिराची बारीक किणकिण आधी हरवते. वाडीतल्या आंब्यावर बांडगूळ आहे, म्हणजे त्याची फळं खाऊन बी पसरवणारा फुलटोच्या जवळपास असण्याची शक्यता दाट. तरी वहीत तो महिनोन्‌महिने नसेल तर आधी कानावर संशय घ्यावा.

आता किनाऱ्याची खास अडचण, लाटांचा आवाज. समुद्रापासून काहीशे मीटरच्या आत मोजणी असेल तर गाजेने खालच्या पट्टीचे सगळे आवाज झाकून टाकलेले असतात, आणि ती गाज रोज सारखी नसते. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज पहाटे सहाला भरती असेल तर आठवड्याने त्याच वेळी ओहोटी. हे लक्षात न घेता काढलेला ‘या आठवड्यात पाखरं वाढली’ हा निष्कर्ष खरं तर समुद्र मागे हटल्याचा असतो. यावर आपल्याकडचा पाऊणपटीचा हिशेब कामाला येतो. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास भरती, म्हणून पहाटे पाचला ओहोटी. गावागावात तासभर मागेपुढे होतं, पण आखणीला एवढं पुरतं. किनाऱ्यालगतच्या बिंदूंची फेरी अमावास्या-पौर्णिमेच्या मागच्यापुढच्या दोन दिवसांत घ्या आणि वहीत तारखेशेजारी तिथी लिहा. वाऱ्याचंही तसंच. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जाणारे मतलई वारे मंद असतात. दिवस तापला की खारे वारे सुरू होतात आणि माडाच्या झावळ्या सळसळायला लागतात. त्यानंतरच्या ध्वनिमुद्रणात झावळ्याच जास्त येतात.

ध्वनिमुद्रणाला फोन चालतो, पण फोनचं नेहमीचं रेकॉर्डर ॲप आवाज दाबून साठवतं आणि ‘गोंगाट कमी करा’ म्हणत पाखराचाही भाग कापतं. वेव्ह फाइल देणारं ॲप घ्या, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, एकच चॅनल, आणि आवाजाची पातळी आपोआप बदलणारी सोय बंद. अशा फाइलला मिनिटाला पावणेसहा एमबी आणि तासाला सुमारे ३४६ एमबी जागा लागते. झाडावर बांधून ठेवायचं ऑडिओमॉथसारखं यंत्र पहाटे पाच ते आठ रोज चालवलं तर ३२ जीबीचं कार्ड महिनाभर पुरतं. तारीख, वेळ, जागा तोंडाने बोलायची ती मुद्रणाच्या शेवटी, सुरुवातीला नाही. बोलण्याने पाखरू उडालं तरी तोवर गाणं हाती आलेलं असतं. फाइल व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवली की ती दाबली जाते, मग अभ्यासाला तिचा उपयोग राहत नाही.

ऑडॅसिटी या संगणकावरच्या ध्वनीच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून स्पेक्ट्रोग्राम लावला की आवाजाचं चित्र दिसतं. आडव्या दिशेला वेळ, उभ्या दिशेला पट्टी. दयाळाच्या लकेरी वळणदार रेघांसारख्या दिसतात, शिंप्याचं ‘टुविट् टुविट्’ एकाच ठशाच्या ओळीसारखं, आणि लाटांची गाज तळाशी करड्या पट्ट्यासारखी. हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरवलेल्या पट्टीखालचे आवाज गाळणारी सोय, एक किलोहर्ट्झवर लावला की तो पट्टा जातो. त्याबरोबर खर्जात घुमणारा कुकुडकोंबाही जातो! म्हणून मूळ फाइल कधीच कापू नये, कापायची ती प्रत.

शहरातल्या गोंगाटात पाखरं वरच्या पट्टीत गातात का, हा या विषयातला गाजलेला प्रश्न. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात हान्स स्लॅबेकोर्न आणि मार्गरीट पीट यांनी ग्रेट टिट या पक्ष्याचा अभ्यास केला. जास्त गोंगाटाच्या जागी राहणारे नर गाण्यातली सर्वांत खालची पट्टी वर नेतात, असं त्यांनी २००३ साली दाखवलं. हाच प्रश्न मुंबई–गोवा महामार्गालगतच्या आळीत आणि आतल्या वाडीत दयाळाबाबत विचारता येईल, आणि विचारायला हवा. पण मापनातला सापळा आधी ओळखा. गोंगाट स्पेक्ट्रोग्रामचा तळ भरून टाकतो, गाण्याच्या खालच्या रेघा त्यात बुडतात आणि डोळ्यांनी मोजणाऱ्याला वाटतं की पाखरू वरूनच सुरुवात करतंय. दुसरीकडे, लांबून घेतलेल्या मुद्रणात वरच्या पट्टीचे आवाज पानाफांद्यांत विरतात. दोन्हीकडची मुद्रणं पाखरापासून सारख्या अंतरावरून, १० ते १५ मीटरवरून, घ्यायची आणि ज्यात पाखराचा आवाज गोंगाटाच्या वर स्पष्ट उठलेला आहे तेवढीच मोजायची. महामार्गालगत रविवारच्या पहाटे वाहतूक कमी असते. तोच नर रविवारी आणि सोमवारी मुद्रित केला तर पाखरू बदलल्याची शंकाही उरत नाही.

मर्लिन ॲप आवाजावरून नाव सुचवतं. शिकायला फार चांगलं आहे, पण पुरावा म्हणून त्यावर विसंबू नये. दयाळ दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो, कोतवाल शिक्र्याचा आवाज काढतो, आणि ॲप प्रामाणिकपणे शिक्रा लिहितं. सुचवलेलं नाव डोळ्यांनी पाहिल्यावर किंवा मुद्रण दुसऱ्या जाणत्याने ऐकल्यावरच वहीत पक्कं करा. फोनवरून गाणं वाजवून पाखराला बोलावणं तर टाळाच. नर आपली हद्द सांभाळायला धावतो, दाणापाणी सोडून तासभर अस्वस्थ राहतो आणि तुमची त्या दिवसाची मोजणीही वाया जाते.

घरटी जवळ असतात, म्हणून हात जायला वेळ लागत नाही. तो आवरावा. शिंपी देशी बदामाचं किंवा जास्वंदीचं रुंद पान वळवून कडेला चोचीने भोकं पाडतो, त्यातून कोळिष्टक, कापूस, झाडाचा तंतू ओवतो. प्रत्येक टाक्याचं बाहेरचं टोक पिंजून फुगतं आणि रिव्हेटसारखं अडकून बसतं. फोटोसाठी ते पान बाजूला ओढलं की टाके सुटतात. शिंजिराची थैली अंगणातल्या वायरीला, कपड्यांच्या दोरीला लटकलेली असते. ती बांधण्याचं काम मादीचं, अंडी बहुधा दोन. दयाळाला भिंतीतलं, गडग्यातलं किंवा झाडाच्या ढोलीतलं भोक लागतं, अंडी चार-पाच. निरीक्षण १० ते १५ मीटरवरून ८ बाय ४२ च्या दुर्बिणीने करावं. अर्धा तास बसून चारा घेऊन किती खेपा झाल्या, कोणी केल्या एवढं लिहावं. रोज एकाच वाटेने घरट्याशी गेलात की कावळा तुमच्यावर नजर ठेवून असतो. मांजर आणि कुकुडकोंबाही मागोमाग येतात. आडोशाची पानं तोडली तर मे महिन्याचं ऊन थेट पिल्लांवर पडतं. घरटं, अंडी घेणं किंवा पक्षी पकडणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पाखरू पुन्हा ओळखता यावं म्हणून पायात वळी घालायचं काम परवानगी आणि प्रशिक्षण असलेल्यांनीच करायचं.

लांबून, चिकाटीने पाहण्याने किती हाती लागतं याचा दाखला कोकणातलाच आहे. १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला सलीम अलींनी सुगरणीची वस्ती न्याहाळली. घरटं नर विणतो, ते अर्धवट असताना मादी येऊन पारखते आणि पसंत पडलं तर ताबा घेते, मग नर दुसरं घरटं सुरू करतो, हे तिथे उलगडलं. माणसांच्या वस्तीजवळच्या एका ओळखीच्या पाखरावर एक पावसाळा दिला, त्याचं हे फळ.

चिमणीसाठी खोकं लावायचं तर भोक ३२ मिलिमीटर, त्याखाली बसायला काडी नको, तिचा उपयोग शिकाऱ्यालाच होतो. लाकूड फणसाचं किंवा आंब्याचं, १८ मिलिमीटर जाडीचं. पत्र्याचं खोकं उन्हात भट्टी होतं आणि स्वस्त प्लायवूड पहिल्या पावसात फुगतं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, लोखंडी खाऱ्या हवेत दोन वर्षं टिकत नाहीत. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला, कारण आपला पाऊस नैऋत्येकडून झोडपतो. तळाला चार बारीक भोकं. दयाळाला पाच सेंटिमीटरचं भोक लागतं, पण त्यातून साळुंकीही घुसते, हे धरून चाला. आणि खोकं, पाण्याची थाळी, तांदूळ-दाणे यांतलं काहीही सुरू केलं तर ती तारीख वहीत आलीच पाहिजे. त्यामुळे गणतीचा आकडा बदलतो. आंब्याला मोहोर येताना फवारणी कोणत्या दिवशी झाली, हेही त्याच रकान्यात लिहा. चिमणी, शिंजीर, दयाळ, सगळेच पिल्लांना कीटक भरवतात.

पावसाळ्यात काम थांबवू नये, शिंप्याच्या विणीचा तोच भर असतो. झडीत मोजणी नाही. उघडीप मिळाली की लगेच बाहेर पडायचं, कारण थांबलेल्या पावसात सगळे एकदम बोलतात. यंत्र पत्र्याखाली किंवा पागोळ्यांजवळ बांधलं तर तासन्‌तास टपटप मुद्रित होते. ते ओटीच्या आतल्या वाशाला, तोंड परसाकडे करून बांधा. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा, बॅटरीचे संपर्क पंधरवड्याने पुसा, हिरवट थर दिसला की बारीक पॉलिश पेपरने घासा.

वहीतल्या पानाचा नमुना असा:

१२ एप्रिल, वद्य अष्टमी. बिंदू ३, विहिरीजवळ. ६:४० ते ६:५०. आभाळ निरभ्र, वारा नाही. भरती, गाज मोठी. दयाळ नर १, गाणं, २५ मीटरच्या आत, अँटेना. दुसरा उत्तर देतोय, पन्नासपलीकडे, तुटक रेघ. शिपाई बुलबुल २, दिसले. शिंपी १, आवाज, २५–५०. कावळे ४, उडून गेले. पाण्याचा पंप ६:४४ ला सुरू, पुढची सहा मिनिटं चालू. दक्षिणेचं घर: कौलं उतरवली, वाशे उघडे. वळचणीत चिमण्या नाहीत, मागच्या फेरीला ३.

अशी नोंद ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना मिनिटं, जागा आणि ‘ओळखलेले सगळे पक्षी लिहिले’ हे तीन तपशील भरा, नाहीतर ती पुढच्या हिशेबात धरता येत नाही. न दिसलेल्या पक्ष्याचं मोल अशा पूर्ण यादीतच कळतं. २०२० च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात चिमणी देशभर साधारण स्थिर आणि मोठ्या शहरांत घटती दिसली, तीही लोकांनी टाकलेल्या याद्यांवरूनच. आपल्या तालुक्याच्या गावात काय चाललंय ते सांगायला तिथल्याच आळीच्या नोंदी लागतील. तुलना करताना एप्रिलची एप्रिलशीच करा. नोव्हेंबरात कुंपणात ‘चक् चक्’ करणारे बोरू वटवटे, हळद्या, स्वर्गीय नर्तक येतात आणि उन्हाळ्यात बहुतेक निघून जातात. त्यांना धरून काढलेली वर्षाची सरासरी वाडीतल्या कायमच्या पाखरांबद्दल काहीच सांगत नाही.

नोंद पेन्सिलीने करा. जूनच्या दमट कागदावर शाई फुटते, आणि ऑगस्टमध्ये तेच पान वाचायचं असतं.